सह अधिक अनुभूती

मी मराठीचा मास्तर आहे. जळगावच्या एका हायस्कुलात सत्तावीस वर्षं शिकवतोय. या नोकरीने मला एक वाईट खोड लावली आहे आणि ती आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं असं मला वाटतं. माझ्या खिशात कायम लाल पेन असतो. कुठे अशुद्ध दिसलं की हात शिवशिवतो. लग्नपत्रिकेत 'आशिर्वाद' छापलेलं असलं तर आधी तो दुरुस्त होतो, मग नवऱ्या मुलीचं नाव वाचलं जातं. एका खानावळीच्या भिंतीवर लावलेल्या भावफलकातलं 'दहि' मी खुर्चीवर चढून 'दही' केलं आहे. बायको म्हणते, "माझ्या तेराव्याचा कागदसुद्धा तुम्ही तपासूनच छापायला द्याल." मी म्हणतो, "मग काय अशुद्ध छापायचा?"

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. आता घरात त्यावर कोणी हसत नाही.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. अमळनेरपासून आठ-दहा किलोमीटरवर तिचं सासर आहे. दाजींची थोडी शेती आणि अक्काचं शिलाई मशीन, यावर त्यांचा संसार चालला. अक्का ब्लाऊज शिवायची. तिच्या हाताचा ब्लाऊज घालायला अमळनेरहून बाया एसटीने यायच्या. माप ती टेपने घ्यायची खरी, पण मला नेहमी वाटायचं की तो टेप फक्त बाईचं समाधान व्हावं म्हणून. माणूस दारातून आत येईपर्यंत तिचं डोळ्यानेच माप घेऊन झालेलं असायचं. सुईत दोरा ओवताना ती बोलणंही थांबवायची नाही. दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं की पुढच्या शब्दाला दोरा आरपार.

ती माझ्याशी अहिराणीत बोलते आणि मीही तिच्याशी अहिराणीतच. वर्गात मी ऱ्हस्व-दीर्घावरून पोरांचे कान उपटतो आणि अक्काच्या ओट्यावर बसलो की माझ्या तोंडी आपोआप 'शे' आणि 'व्हतं' येतं. पण दवाखाना, तहसील, बँक असं काही निघालं की घरातले सगळे मला पुढे करायचे. साहेब जे बोलेल ते मी अक्काला तिच्या भाषेत सांगायचं, हे काम माझं. मला त्याचा अभिमान होता.

त्या जानेवारीत दाजींच्या शेतात भरीत पार्टी होती. आमच्याकडे थंडीत ही पार्टी होते म्हणजे होतेच. कापूस वेचून संपलेला असतो, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून बांधावर रचलेली असते, आणि ती वाळलेली पऱ्हाटी पेटवून तिच्या जाळावर मोठमोठी हिरवी वांगी भाजायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरताला आमच्याकडे कुणी भरीत म्हणत नाही. आम्ही घरचेच दहा-बारा जण होतो. बायका कळण्याच्या पुऱ्या तळत होत्या. मी मदत करतो असं दाखवत एका बाजेवर बसलो होतो.

जाळ कमी झाला म्हणून अक्का उठली. पऱ्हाटीची एक जाडशी काडी तिने गुडघ्यावर धरून मोडली. लहानपणापासून हजारदा मोडली असेल. कडकन आवाज झाला आणि एक ढलपा उडाला.

"ओ माय, मना डोया!" एवढंच ती म्हणाली. ओरडलीसुद्धा नाही. डावा डोळा हाताने झाकून खाली बसली. मला वाटलं कचरा गेला. मी म्हणालो, "चोळू नको, पाणी मार." तिने हात काढला तेव्हा बोटांच्या मधून रक्त आणि त्यात काहीतरी काळं होतं. मी तिथून नजर फिरवली. ते काळं काय होतं हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. डोळ्याच्या आतला पडदा बाहेर आला होता.

शेजारच्या शेतकऱ्याच्या जीपमधून आम्ही तिला धुळ्याला नेलं. मोठा दवाखाना तिथे होता. दुपारीच ऑपरेशन झालं. वांगी तशीच राखेत राहिली, ती कोणी खाल्ली नाहीत.

वॉर्डात एक तरुण डॉक्टर रोज सकाळी अक्काला बघायला यायचा. परराज्यातला होता, कुठला ते मी सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी इथे आला तेव्हा त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं. पेशंटशी बोलता यावं म्हणून तो स्वतःहून शिकला. खिशात एक छोटी वही ठेवायचा आणि नवा शब्द कानावर पडला की लिहून घ्यायचा. असला विद्यार्थी मला सत्तावीस वर्षांत मिळाला नव्हता. मग काय, मी रोज त्याचा तास घ्यायला लागलो. तो म्हणाला "ड्रेसिंग केला", मी म्हणालो "केलं". तो म्हणाला "ताईचा सूज कमी आहे", मी म्हणालो "ताईंची सूज". तो हसायचा, "थँक यू, सर" म्हणायचा, वहीत लिहायचा. बाजूच्या खाटेवरचे पेशंटही ऐकायचे. दाजींना माझं कौतुक वाटत असावं. मला माझं वाटत होतं यात शंका नाही.

सातव्या दिवशी तो आला तेव्हा वही खिशातच होती. आम्हा दोघांना, मला आणि दाजींना, त्याने खिडकीपाशी नेलं.

"सर, ताईंच्या या डोळ्याला आता दिसणार नाही. उजेडसुद्धा नाही. टाके घातले, पण आत सगळं फाटलेलं आहे. मोठे सर म्हणतात, डोळा काढून टाकू. दोन आठवडे व्हायच्या आत."

दाजींनी विचारलं, "काढानं कसाले? तिले ते आते दुखत बी नही."

"दुसऱ्या डोळ्यासाठी," डॉक्टर म्हणाला. मग थांबला. तो शब्द शोधत होता हे मला दिसत होतं. "हा डोळा ठेवला, तर कधी कधी दुसऱ्या डोळ्याला सहानुभूती होते."

मी हसलो. हसलो हे खरं आहे. मी म्हणालो, "डॉक्टर, सहानुभूती होत नाही. वाटते. दुसऱ्या डोळ्याला सहानुभूती वाटते."

तो ओशाळला. "हो, हो. वाटते." मग मान हलवून म्हणाला, "पण सर, ती वाईट असते."

"सहानुभूती कधी वाईट नसते हो," मी म्हणालो. म्हणालो मी असं. मराठीचा मास्तर.

त्याने पुन्हा तोंड उघडलं. "म्हणजे दुसरा डोळा पण, त्याच्यासारखाच..." तेवढ्यात नर्सने दारातून हाक मारली, कुणाला तरी अपघाताचं आणलं होतं. तो जाता जाता म्हणाला, "सर, तुम्ही ताईंना समजावून सांगा. तुमचं मराठी चांगलं आहे."

मी अक्काच्या खाटेवर बसलो. माझ्या डोक्यात तेव्हा काय होतं हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. मला वाटलं, परका मुलगा आहे, भावनेच्या भरात काहीतरी काव्यात्म बोलून गेला. एका डोळ्याला इजा झाली म्हणून दुसरा हळहळतो, त्याच्यावर ताण पडतो, असलंच काहीतरी त्याला म्हणायचं असणार. अक्काने विचारलं, डॉक्टर काय म्हने? मी तिला म्हणालो, "म्हनस, हाऊ डोया काढी टाकूत. काचना बसाडतस. पन नही काढा तरी चाली. दुसरा डोया याले साथ दी."

'काढा नाही तरी चालेल' हे त्याने सांगितलंच नव्हतं. ते मी घातलं.

अक्काने पट्टीवरून हात फिरवला. "साथ दी ना? मंग ऱ्हाऊ दे त्याले. फुटेल शे, पन मना शे."

एवढ्यावर निर्णय झाला. दाजींनाही बरं वाटलं. डोळा काढायला नकार, असा एक छापील कागद नर्सने आणून दिला. त्यावर लिहिलं होतं, 'सर्व धोके मला समजेल अश्या भाषेत समजावून सांगितले आहेत व ते मला समजले आहेत.' अक्काने पाटीवर शिकलेल्या अक्षरात सही केली. नातेवाइकाच्या जागी मी केली. आणि सही करायच्या आधी मी खिशातला लाल पेन काढला, 'अश्या'ला रेघ मारली आणि वर 'अशा' लिहिलं. नर्स बघतच राहिली.

घरी सोडताना दिलेल्या कार्डावर इंग्रजीत 'एस. ओ.' अशी दोन अक्षरं आणि पुढे न लागणारं अक्षर होतं. मी विचारलं नाही. एक महिन्याने दाखवायला या, असं सांगितलं होतं. एकदा गेले दाजी तिला घेऊन. तेव्हा तो तरुण डॉक्टर रजेवर होता, दुसऱ्याने टाके पाहिले आणि ठीक आहे म्हणाला. उजवा डोळा तेव्हा खरोखरच ठीक होता.

अक्काने देवीला चांदीचे डोळे बोलले होते. दाजी अमळनेरच्या सोनाराकडे गेले आणि म्हणाले, एकच द्या, एकालाच लागलंय. सोनार म्हणाला, डोळे जोडीनेच असतात, सुटा कुणी घेत नाही. ही गोष्ट दाजींनी फोनवर सांगितली तेव्हा आम्ही हसलो होतो.

होळीच्या सुमाराला अक्काचा फोन आला. "भाऊ, सुईमा दोरा जात नही रे."

मी दहावीच्या पेपरांच्या गठ्ठ्यात बसलो होतो. म्हणालो, "वय झालं अक्का. चष्मा कर."

"दूरनं दखास. जोडेनं दखात नही. तो एकलाच दोन्हीनं काम करी राह्यना ना, थकस बिचारा."

"सहानुभूती, दुसरं काय," मी म्हणालो. हा तोपर्यंत आमच्यातला विनोद झाला होता. तिला मी तो शब्द आणि तो डॉक्टर, दोन्ही रंगवून सांगितले होते. ती तो शब्द 'सानभूती' असा म्हणायची.

मग तो डोळा लाल व्हायला लागला. उन्हात उघडता येईना, पाणी गळायचं. ती फोनवर सांगायची, "याले त्यानी दया येस, रडस." मी सांगायचो, मेडिकलमधून थेंब आण, पेपर संपले की मी येतो. प्रत्येक लक्षणाला आमच्याकडे आधीच एक शब्द तयार होता, म्हणून आम्ही घाबरलोच नाही. पेपर तपासण्याचे ते पंचवीस-तीस दिवस मला आता मोजायचे नसतात, तरी मोजले जातात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. आई-वडील गेल्यापासून अक्काचं माहेर म्हणजे माझं जळगावचं तीन खोल्यांचं घर. दाजींनी तिला बसमध्ये बसवलं, मी स्टँडवर उतरवून घेतलं. काळा गॉगल लावला होता. मी थट्टा केली, "काय अक्का, हिरोईन." तिने माझ्या दंडाला घट्ट धरलं आणि रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही. मला वाटलं, माया.

दुसऱ्या दिवशी पानं मांडली. आमरस, मांडे, कुरडया. अक्का म्हणाली, "मी वाढस." दरवर्षी तीच वाढते, माहेरी आली तरी. तिने रसाचं पातेलं घेतलं, पळी भरली आणि माझ्या वाटीच्या बाजूला, पाटावर, सगळा रस ओतला. पुन्हा पळी भरली. पुन्हा पाटावर. वाटी कोरडी आणि रस माझ्या मांडीवर.

बायकोने पातेलं तिच्या हातातून घेतलं, तिच्या चेहऱ्यासमोर हात धरला आणि हळूच विचारलं, "अक्का, ही किती बोटं?"

अक्का म्हणाली, "बोटं? कोठे शेतस?"

मी पाटावरून उठलो तो तसाच. गेले तीन महिने मी जिला रोज फोन करत होतो ती मला दिसतच नव्हती, आणि तिला मी.

सणाचा दिवस, दवाखाने बंद. डोळ्यांच्या एका डॉक्टरबाईंनी घराच्या खालीच दवाखाना होता म्हणून उघडला. वयाने माझ्याएवढ्या. त्यांनी यंत्रातून आधी उजवा डोळा पाहिला, बराच वेळ. मग मान वर न करता विचारलं, "डाव्या डोळ्याला मार कधी लागला होता?"

मला राग आला. दिसत नाही तो उजवा, या डाव्याचं काय विचारतात? मी म्हणालो, "मॅडम, तो तर जानेवारीतच गेला. आता हा उजवा..."

"तेच विचारतेय. मार लागला, आणि डोळा काढला नाही?"

"नाही. का?"

त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि एका कागदावर चित्र काढायला घेतलं. शिकवायची सवय असलेल्या माणसासारखं त्या सावकाश बोलत होत्या. आपल्या रक्तात राखणदार असतात, बाहेरचं काही घुसलं की ते त्याला मारतात. पण डोळ्याच्या आतला भाग जन्मापासून बंद असतो, या राखणदारांनी तो कधी नीट पाहिलेलाच नसतो. वॉचमनने कधी न पाहिलेला घरातलाच माणूस समजा. काडी घुसली, डोळा फाटला, आतलं बाहेर आलं. राखणदारांनी ते पहिल्यांदाच पाहिलं आणि त्यांना ते परकं वाटलं. मग त्यांनी शोध घेतला की असलं आणखी कुठे आहे. दुसऱ्या डोळ्यात आहे. अगदी तसंच. गेले तिकडे.

"म्हणजे हिच्याच शरीराने हिचा डोळा..."

"हो. चांगला डोळा. त्याला काही झालेलंच नव्हतं."

मी विचारलं, असं कसं होईल? आपलंच शरीर आपला डोळा ओळखत नाही? त्या म्हणाल्या, फार क्वचित होतं. मार लागलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. पण होऊ शकतं, म्हणून फुटलेला डोळा दिसणारच नसेल तर दोन आठवड्यांच्या आत काढायचा सल्ला देतात.

"याला म्हणतात काय?" मी विचारलं. मास्तरची सवय. नाव कळलं की समजलं असं वाटतं.

"सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया," त्या म्हणाल्या. "एक डोळा दुखावला की दुसरा त्याच्यासोबत भोगतो, म्हणून सिम्पथी. मराठीत काय म्हणाल याला? सहानुभूतीच ना?"

मी दरवर्षी जूनमध्ये आठवीच्या फळ्यावर संधी शिकवतो. सह अधिक अनुभूती, बरोबर सहानुभूती. अ अधिक अ, आ. सह म्हणजे सोबत. अनुभूती म्हणजे अनुभवणं, भोगणं. सोबत भोगणं. मी सत्तावीस वेळा तो शब्द फोडून दाखवला आहे, फळ्यावर त्याच्या खाली रेघ मारली आहे. आणि त्या मुलाने तो त्याच्या खऱ्या अर्थाने माझ्यासमोर ठेवला तेव्हा मी त्याचं क्रियापद दुरुस्त केलं.

तेही बरोबर होतं. आजार 'होतो'. 'वाटत' नाही.

मॅडमनी धुळ्याची फाइल मागितली. पानं उलटत त्या नकाराच्या कागदावर आल्या. त्यांनी तो वाचला. 'मला समजेल' च्या पुढची लाल रेघ आणि वरचा लाल 'अशा' पाहून त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

अक्का बाजूला बसली होती. मी म्हणालो, "मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही विचारणार होत्या, मग फाइल मिटली. मला वाटलं, या बाईंनी मला शिवी घालावी. त्यांनी इंजेक्शनं लिहून दिली आणि उद्या सकाळीच भरती करा म्हणाल्या. बाहेर पडताना मी मागे राहून विचारलं, "तेव्हाच डोळा काढला असता तर हे झालंच नसतं ना?"

"छातीठोक कुणी सांगू शकणार नाही. टळलं असतं, कदाचित. पण लक्षण दिसताच आला असता, तर आत्ता आहे त्यापेक्षा पुष्कळ वाचवता आलं असतं. ते मात्र मी सांगते."

त्या 'कदाचित'ला मी बरेच दिवस धरून बसलो. पण त्यापुढचं वाक्य काही सुटत नाही.

पुढचे महिने औषधांत गेले. राखणदारांना गुंगी द्यायची, असली ती औषधं. अक्काचा चेहरा सुजून गोल झाला, साखर वाढली, हाताला कंप सुटला. थोडं परत आलं. आता तिला उजेड कळतो, दारात माणूस आला हे कळतं. कोण आला ते ती आवाजावरून ओळखते. हात लांब करून बोटं धरली तर मोजता येतात. सुई मात्र नाही. मशीनवर तिने जुनं लुगडं टाकून ठेवलं आहे. बाया येतात, विचारतात, अक्का, कधी शिवशी? ती म्हणते, बघूत. अमळनेरला आता एक नवी पोर शिवते असं ऐकलं.

तिला फक्त एवढंच माहीत होतं की डोळ्याला आजार झाला. शब्दाचं मी सांगितलं नव्हतं. मॅडमनी सगळं प्रमाण मराठीत सांगितलं होतं, आणि अहिराणीत सांगायचं काम नेहमीप्रमाणे माझं होतं. मी ते केलं नाही. आठवीच्या वर्गात जूनमध्ये संधीचा धडा आला तेव्हा मी तो शब्द वगळला. एका मुलीने हात वर करून विचारलं, "सर, पुस्तकात सहानुभूती आहे, ते राहिलं." मी म्हणालो, घरी कर.

दिवाळीनंतर एका रविवारी मी गेलो. दाजी शेतात होते. अक्का ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, बोटांनी चाचपून. किडका दाणा बोटाला कळायचा आणि ती तो बाजूला टाकायची. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. खिडकीपाशी तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, तो काय सांगायला जात होता. 'काढला नाही तरी चालेल' हे माझं होतं, त्याचं नव्हतं, हेही. कागदावरच्या लाल पेनाचंही. बोलताना मी रडत होतो आणि तिला ते दिसत नव्हतं. पण कळत असणारच.

शेंगा सोलायचा आवाज थांबला नाही.

"त्या शब्दना अर्थ काय?" तिने विचारलं.

मी फोडून सांगितला, वर्गात सांगतो तसा. "सह म्हंजे संगे. अनुभूती म्हंजे भोगनं. सहानुभूती म्हंजे संगे भोगनं."

"मंग तेच झायं ना."

"हो, अक्का."

"म्हंजे त्या पोऱ्यानी बराबर सांगं व्हतं."

"हो."

"आन तू त्यानी चूक काढी?"

आता ती मला बोलेल, उठून आत जाईल, तोंड बघू नको म्हणेल, असं मला वाटलं. खरं म्हणजे मी त्यासाठीच आलो होतो. तिने दाण्यांचं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. थोडं चुकलं, ती माझ्या खांद्याकडे बघत होती.

"मंग तू धुयाले जाय," ती म्हणाली. "त्याले सांग, तुनं मराठी बराबर व्हतं."

"अक्का..."

"त्यानी ते वहीमा लिखं व्हई ना. चुकीनं शे म्हनीसन. आते तो दुसरा कोनले सांगाले घाबरी."

सहा महिने मी माझ्या चुकीबद्दल झुरत होतो, तिच्या डोळ्याबद्दल, माझ्याबद्दल. तो मुलगा माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. त्याच्या खिशातली ती वही, त्यात माझ्या सांगण्यावरून खोडलेला 'होते', आणि त्याच्यासमोर बसलेला पुढचा कुणीतरी, फुटका डोळा घेऊन. हे सगळं जिला दिसत नव्हतं तिला दिसलं.

मी म्हणालो, जातो. या रविवारी धुळ्याला जातो.

जळगावहून धुळ्याला एसटीने दोन-अडीच तास लागतात. त्यानंतर घटक चाचणी झाली, स्नेहसंमेलन झालं, पुन्हा भरताचा हंगाम आला आणि गेला. आमच्याकडे यंदा कुणी पऱ्हाटी पेटवली नाही. लाल पेन मी टेबलाच्या खणात टाकला आहे, वह्या निळ्याने तपासतो. एकदा बसस्टँडपर्यंत गेलो. धुळ्याची बस लागलेली होती. कंडक्टरने विचारलं, "कुठे?" मला नाव उच्चारता आलं नाही आणि मी परत आलो.

अक्काचा फोन दर रविवारी येतो. मोबाइलवरची बटणं आता ती बोटाने मोजून दाबते, कधी चुकून दुसऱ्यालाच लागतो. कालही आला. तब्येत नाही, औषध नाही, पाऊसपाणी नाही. आधी तेच.

"भाऊ, धुयाले जाई उना का?"